गॅस नाही, लाइट नाही, मग काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात या सदरात मी एक ओळ टाकली होती, की समजा महिनाभर सिलेंडर मिळाला नाही आणि लाइट दिवसातून चारच तास आली तर तुमच्या बिल्डिंगमध्ये नक्की काय होईल ते बसून लिहून काढा. त्यावर एवढी पत्रं आली की यावेळी बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलतेय. कुंडीतल्या गुलाबवाल्यांनी माफ करावं.

प्रश्न : ताई, पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या तीन सोसायट्या आणि मागच्या रो-हाउसमधली काही मंडळी मिळून आम्ही एक गट केलाय. आखातात काही झालं की गॅस-पेट्रोलचं काय होणार हे सगळ्यांच्या डोक्यात होतं, त्यातून सुरू झालं. दर रविवारी टेरेसवर बसतो पण नुसती चर्चा होते. अर्धे म्हणतात सोलर लावा विषय संपवा, दोघंतिघं म्हणतात त्र्यंबकच्या बाजूला मिळून दोन एकर घेऊ आणि तिकडे सगळं पिकवू, एक काका म्हणतात डिझेलचे ड्रम भरून ठेवा. बाकीची सोसायटी आम्हाला ‘प्रलय कमिटी’ म्हणते. सुरुवात कुठून करायची?
(एक सेक्रेटरी, पाथर्डी फाटा, नाशिक)

उत्तर : नाव झकास आहे, तेच ठेवा, लोक निदान बघायला तरी येतील.

आधी काकांचा विषय. सोसायटीचा मध्यम जनरेटर लोडवर तासाला ३ लिटरच्या आसपास डिझेल पितो, म्हणजे २०० लिटरचा ड्रम सलग चालवला तर तीन दिवससुद्धा पुरत नाही, आणि त्या तीन दिवसांसाठी पार्किंगमध्ये, मीटर रूमच्या शेजारी, मुलं खेळतात तिथे तुम्ही आगीचं सामान ठेवणार. काकांना हे प्रेमाने सांगा आणि दुसरं काम द्या, असे लोक कामाचे असतात.

आता दोन एकर. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा आधी शेतकरी असावा लागतो, तुमच्यातल्या किती जणांच्या नावावर गावाकडे सातबारा आहे बघा. दुसरं म्हणजे त्र्यंबक, हरसूल, पेठ या पट्ट्यात पुष्कळ जमीन आदिवासींची आहे आणि ती सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, एजंट काहीही सांगू दे. आणि समजा सगळं कायदेशीर जमलं तरी पेट्रोलच्या टंचाईत रोज पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन भेंडी कोण तोडणार? त्यापेक्षा तिकडे जे पिकवतायत त्यांच्याशीच नातं जोडा. इगतपुरी-त्र्यंबकचा तांदूळ, नागली, वरई, खुरासणी, हे वर्षाचं आगाऊ ठरवून थेट शेतकऱ्याकडून घेता येतं. नाशिकच्या चारही बाजूंनी भाजीपाला आहे आणि तो रात्री ट्रकमध्ये बसून मुंबईला जातो, त्यातल्या चार क्रेट तुमच्या गेटवर उतरल्या तर अन्नाच्या बाबतीत बरंच काम झालं म्हणायचं.

राहिलं सोलर. लावा, पण आत्ता नाही. आत्ता तुम्हाला तुमची गरजच माहिती नाहीये. पहिला महिना फक्त मोजा. सिलेंडर लावल्याची तारीख आपण कॅलेंडरवर लिहितोच, ती प्रत्येक घराकडून घ्या, सिलेंडर किती दिवस गेला ते कळतं. लाइटबिलावरचे युनिट घ्या, सोसायटीच्या कॉमन मीटरचे वेगळे. एका सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तोच स्वयंपाक इंडक्शनवर केला तर माझ्या हिशोबाने १२० युनिटच्या आसपास वीज लागते, हा आकडा फळ्यावर लिहून ठेवा कारण गॅस गेला तर सगळी बिल्डिंग एकदम इंडक्शनकडे पळणार आहे आणि तेव्हा तुमचं वायरिंग आणि बाहेरचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही बोंब मारणार आहेत. आपल्या देशात लागणाऱ्या एलपीजीतला अर्ध्याहून जास्त बाहेरून येतो, त्यातला मोठा भाग आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून, म्हणजे तुमची काळजी अगदीच हवेतली नाहीये.

मोजून झालं की पहिलं काम पाणी. पंखा बंद पडला तर माणूस टेरेसवर झोपेल हो, पण वरच्या टाकीत पाणी नसेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौथ्या मजल्यावरची म्हातारी माणसं काय करणार? गंमत म्हणजे पाणी चढवायला वीज फार थोडी लागते. २० फ्लॅटची बिल्डिंग, रोजचं १० हजार लिटर, २० मीटर उंची, नेहमीची जुनीपुराणी मोटार धरली तरी दीड युनिटच्या आसपास. नाशिकच्या उन्हात १ किलोवॅटचं सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं. म्हणजे युनिटचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे मोटार सुरू होताना ओढणाऱ्या करंटचा, त्याने साधा घरगुती इन्व्हर्टर बंद पडतो. उपाय असा की ३ एचपीच्या मोटारीला ३ किलोवॅटचे पॅनेल आणि सोलर पंप ड्राइव्ह (मोटार हळूहळू सुरू करणारा कंट्रोलर) लावायचा, शेतात लावतात तोच, बॅटरी नाही काही नाही, ऊन असेल तेव्हा पाणी वर चढतं आणि वरची टाकी हीच तुमची बॅटरी. पॅनेलला ३०० चौरस फूट जागा सोडा. हे ग्रिडला जोडायचं नाही, वेगळंच ठेवायचं, आणि महावितरण व सोलर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच (एका वेळी दोन्हीपैकी एकच जोडणारा) चांगला घ्या, तिथे पैसे वाचवू नका. अर्थात खालच्या टाकीत महापालिकेचं पाणी आलं तर हे सगळं. गंगापूर धरणावरचे पंपसुद्धा विजेवरच चालतात, तिकडची लाइट गेली की शहराचं पाणी बोंबलतं हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. म्हणून खालची टाकी दोन दिवसांची हवी, आणि बोअर असेल तर त्याच्या मोटारीचाही विचार याच वेळी करा.

इथे एक गैरसमज काढते, चार पत्रांत आलाय. एकलहऱ्याला वीज केंद्र आहे, २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, मग नाशिकला काय टेन्शन? तसं नसतं. तिथली वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते आणि वाटप वरून ठरतं, शिवाय त्याला लागणारा कोळसा रेल्वेने लांबून येतो. चिमणी दिसते म्हणून पंखा फिरत नाही.

आणि माणसं. तुम्ही सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या इतक्या जवळ राहता, तुमच्या तीन सोसायट्यांत रिटायर्ड फिटर, वेल्डर, मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) चालवणारे किती असतील! पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्या सोसायट्यांना हे भाग्य नाही. त्यांची यादी करा. दुसरी यादी नाजूक आहे, ती व्हॉट्सअॅपवर टाकू नका, एका विश्वासू बाईंकडे वहीत ठेवा : कोणाकडे इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, कोणाला ऑक्सिजनचं मशीन लागतं, कोण एकटं राहतं, कोणाला लिफ्टशिवाय खाली येता येत नाही. मग एका रविवारी सकाळी सहा ते रात्री नऊ सगळ्यांनी राजीखुशीने घरातले मेन स्विच पाडायचे आणि शेगडीही पेटवायची नाही. (या यादीतली घरं सोडून, हे सांगायला नको.) त्या एका दिवसात जे भांडण होईल त्यातून तुमचा पुढच्या सहा महिन्यांचा अजेंडा निघेल, बाहेरचा तज्ज्ञ बोलवायची गरज नाही.

प्रश्न : आम्ही ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, बिल जवळपास शून्य आलं, खुश होतो. पण परवा दुपारी कडक ऊन असताना लाइट गेली तर आमचीही गेली! सोलर असून अंधार म्हणजे आम्हाला फसवलं का?
(एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : फसवलं नाही, पण विकताना सांगितलं नाही, आणि हे सर्रास होतं. तुमचं सिस्टम ऑन-ग्रिड आहे, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं. लाइन बंद झाली की त्याचा इन्व्हर्टर मुद्दाम स्वतःला बंद करतो, कारण बाहेर लाइनमन खांबावर चढलेला असतो आणि तुमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. तो नियम योग्यच आहे.

लाइट गेल्यावरही चालायला हवं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, खर्च चांगलाच वाढतो. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराला ३ किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजार सबसिडी मिळते (सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८ हजार), पण ती पॅनेलच्या क्षमतेवर असते, बॅटरी तुमच्या खिशातून. म्हणून सगळं घर बॅटरीवर घेऊ नका. इलेक्ट्रिशियनला सांगून एक वेगळं सर्किट काढा, त्यावर दिवे, पंखे, वायफाय आणि फ्रिज एवढंच. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी विजेवर चालणारा नवा बीएलडीसी ३० च्या आसपास, आधी पंखे बदला मग बॅटरीचा साइज ठरवा, बॅटरी जवळजवळ अर्ध्यावर येते. दुकानदार तुम्हाला उलट्या क्रमाने सांगेल. आणि जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकला आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा रोजचे बारा युनिट मिळतील हे विसरा.

प्रश्न : आमच्या २४ फ्लॅटच्या बिल्डिंगचा ओला कचरा रोज घंटागाडीत जातो. त्यापासून बायोगॅस केला तर आम्ही गॅसमध्ये स्वयंपूर्ण होऊ का? एका कंपनीने तसं प्रेझेंटेशन दिलंय.
(महिला मंडळ, गोविंदनगर)

उत्तर : नाही होणार, आणि प्रेझेंटेशन देणाऱ्याला खालचा हिशोब दाखवा.

२४ घरांचा ओला कचरा धरा रोज १५ किलो. १० किलोला साधारण १ घनमीटर गॅस, म्हणजे तुम्हाला रोज दीड घनमीटर. १ घनमीटर बायोगॅस म्हणजे जेमतेम ४५० ग्रॅम एलपीजी. महिन्याला झाले २० किलो, म्हणजे दीड सिलेंडरच्या आत. तुमच्या २४ घरांना महिन्याला पंधरा-सोळा सिलेंडर लागत असतील. दहावा हिस्सासुद्धा नाही.

तरी करा असं मी म्हणेन, फक्त हेतू बदला. तो गॅस एकाच ठिकाणी वापरा, क्लब हाउसच्या शेगडीवर. अडचणीच्या काळात तिथे रोज सगळ्यांची डाळ एकत्र शिजू शकते, कुकरच्या मोठ्या भांड्यात एकदम शिजवली की इंधन घरोघरीपेक्षा खूप कमी लागतं. आणि सालं-देठांपेक्षा शिळा भात, पोळीचे तुकडे, पीठ, सडलेली केळी यातून गॅस जास्त आणि लवकर निघतो. पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी हेच हेरून घरगुती छोटं संयंत्र केलं, त्याला २००६ मध्ये ब्रिटनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. तेव्हा जवळच्या मेसवाल्याशी, मंगल कार्यालयाशी बोला, त्यांचं उरलेलं अन्न मिळालं तर गणित पुष्कळ सुधारतं. कांद्याची सालं, नारळाच्या करवंट्या, हाडं घालायची नाहीत, लिंबाची सालं ढिगाने टाकली तर आतले जिवाणू बसतात आणि मग आठवडाभर वास आणि तुमच्यावर शिव्या. आपल्या महापालिकेनेही जर्मनीच्या मदतीने विल्होळीला हॉटेलचा ओला कचरा आणि शौचालयाचा मैला एकत्र करून वीज करायचा प्रकल्प उभारलाय, जमलं तर मंडळाची ट्रिप तिकडे काढा, पांडवलेणी वाटेतच आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटाला शहरातल्या लोकांसारखं काही करता येईल का? शेतीची लाइट रात्री येते, बिबट्याच्या भीतीने माणसं मोटार चालू करायला जात नाहीत. घरी चार म्हशी आहेत.
(गटाच्या अध्यक्षा, निफाड तालुका)

उत्तर : ताई, शहरातल्यांनी तुमच्याकडे शिकायला यायला पाहिजे. कांदा चाळ बघा. खालून हवा, बाजूने हवा, वर छप्पर, आणि उन्हाळ कांदा चार-पाच महिने विजेच्या एका युनिटशिवाय टिकतो. हेच कोल्ड स्टोरेजमध्ये करायचं म्हटलं तर बिल बघून डोळे फिरतील.

चार म्हशी म्हणजे रोज ५० किलोच्या आसपास शेण सहज. त्यावर २ घनमीटरचा दीनबंधू पद्धतीचा गोबरगॅस चालतो आणि चार-पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो, म्हणजे वर गोविंदनगरच्या २४ फ्लॅटला मिळून जेवढा गॅस मिळेल त्याहून जास्त तुमच्या एका घरात. हसा खुशाल. दीनबंधू जमिनीत विटांचा असतो, लोखंडी टाकी नाही म्हणून गंजत नाही, फक्त घुमटाचं काम अनुभवी गवंड्याकडूनच करा, तिथे गळलं तर संपलं. निफाडच्या थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा घुमटावर उसाचं पाचट किंवा शेणखताचा थर द्या आणि शेण कोमट पाण्यात कालवा. गॅस निघाल्यावर उरणारी शेणाची स्लरी द्राक्षबागेला.

रात्रीच्या लाइटचं म्हणाल तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, आणि अडीच एकरपर्यंत ३ एचपी, पाच एकरपर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात असा पंप मिळतो. दिवसा पाणी, बिबट्याचा विषय नाही. पण एक लक्षात असू द्या, दुपारच्या उन्हात मोटार फुकट चालते म्हणून विहीर उपसत बसाल तर मार्चमध्ये विहिरीला तळ लागेल, तेव्हा ठिबक सोडायचं नाही. आणि अर्ज गटाने एकत्र भरा, पॅनेल पुसायला आणि चोरांवर नजर ठेवायलाही गटच कामाला येतो.

प्रश्न : मी कॉलेजात आहे, प्रोजेक्टसाठी वाचताना टॉटनेस आणि क्युबाबद्दल कळलं. तेलाच्या टंचाईला गावाने एकत्र तोंड द्यायचं हे तिकडे झालं. नाशिकमध्ये चालेल का?
(विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

उत्तर : दोन्ही उदाहरणं वेगळी आहेत, प्रोजेक्टमध्ये एकाच पॅरेग्राफमध्ये कोंबू नकोस. टॉटनेस हे इंग्लंडमधलं छोटं गाव, २००६ मध्ये रॉब हॉपकिन्स आणि मंडळींनी तिथे ट्रान्झिशन टाउन (तेलावरचं अवलंबून राहणं गावानेच कमी करायची चळवळ) सुरू केलं, त्याआधी त्यांनी आयर्लंडच्या किन्सेलमध्ये विद्यार्थ्यांकडून गावाचा इंधनवापर टप्प्याटप्प्याने कमी करायचा आराखडा करून घेतला होता, २००५ मध्ये. विद्यार्थ्यांकडून, हे अधोरेखित कर. टॉटनेसने २००७ मध्ये स्वतःच्या नोटासुद्धा काढल्या, गावातला पैसा गावात फिरावा म्हणून, त्या २०१९ मध्ये बंद झाल्या कारण लोक रोख वापरेनासे झाले. म्हणजे स्वेच्छेने, पोट भरलेलं असताना केलेली तयारी, काही टिकलं काही नाही.

क्युबाने काही निवडलं नव्हतं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला, स्वस्त तेल थांबलं, आयात निम्म्याहून खाली आली. चीनमधून दहा लाखांवर सायकली आणाव्या लागल्या, हवानात मोकळ्या प्लॉटवर भाजीचे वाफे झाले. तिकडच्या वाफ्यांचे फोटो छान दिसतात, पण त्या काळात लोकांची वजनं उतरली होती हेही लिही.

मला विचारशील तर जवळची उदाहरणं घे. तमिळनाडूत कोइंबतूर जिल्ह्यातल्या ओडनथुराई ग्रामपंचायतीने २००६ मध्ये कर्ज काढून ३५० किलोवॅटची स्वतःची पवनचक्की उभारली आणि उरलेली वीज मंडळाला विकली. साताऱ्यात पाटण तालुक्यात मान्याचीवाडी अख्खी सौरग्राम झाली. आणि आपल्या शेजारी धुळे जिल्ह्यातलं बारीपाडा, जिथे गावाने स्वतःचं जंगल राखलं, त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. यातलं एकही गाव ‘सगळं आमचं आम्ही’ म्हणत बसलं नाही, प्रत्येकाने एकच गोष्ट धरली, कोणी वारा, कोणी ऊन, कोणी जंगल. नाशिक वीस लाखांच्या घरातलं शहर, त्याचा आराखडा तुझ्याच्याने होणार नाही. एक वॉर्ड घे. वरची प्रलय कमिटी घे, त्यांना मोजायला माणसं लागणारच आहेत.

प्रश्न : बाळ, आमचा जुना वाडा आहे. मुलगा म्हणतो गॅसचं काही खरं नाही तर अंगणात पुन्हा चूल मांडू. मी जन्मभर चुलीपुढे डोळे चोळलेत. मांडू का? आणि वाड्यातला आड बुजवून त्यावर गाड्या लावायच्या असं चाललंय.
(एक आजी, पंचवटी)

उत्तर : आजी, चूल नको. धूर तोच, खोकला तोच, आणि लाकूड आता शहरात आणणार कुठून, मुलगा काय गोदाकाठची झाडं तोडणार आहे? वर सांगितलेल्या पुण्याच्या आरती संस्थेचाच एक ‘सराई’ कुकर आहे, त्यात खाली कोळशाच्या १०० ग्रॅम कांड्या पेटवल्या की वाफेवर चार-पाच जणांचा वरण-भात-भाजी होते, मात्र मोकळ्या हवेतच पेटवायचा, खोलीत नाही. दोन किलो कांड्या कोरड्या डब्यात ठेवल्या की वीस स्वयंपाक. कडधान्यं रात्री भिजवायची आणि कुकरला एक शिट्टी झाली की उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवायचा, हे मी तुम्हाला काय सांगणार.

आड मात्र बुजवू देऊ नका, हट्ट धरा. त्याचा गाळ काढून घ्या, पाणी लॅबमधून तपासून घ्या, जुन्या गावठाणात गटारं जवळ असतात म्हणून प्यायला वापरायच्या आधी रिपोर्ट बघा, वापरायला तर कसंही चालेल. वर लोखंडी जाळी कुलपासकट बसवा, पोरं वाकतात. रहाट राहिला असेल तर त्याच्या आसाला तेल घाला, नसेल तर हातपंप बसतो का ते प्लंबरला विचारा, पाणी फार खोल नसेल तर साधा बसतो. गाड्या रस्त्यावर लावू दे.